त्रिज्येतले 'तीन' कोणते?

त्रिज्येतला 'त्रि' त्रिकोणातला नव्हे. तो राशींचा आकडा आहे. एक रास 30 अंशांची, तीन राशी म्हणजे 90 अंश आणि तेवढ्या कोनाची ज्या ती त्रिज्या. जुन्या ग्रंथांत 'त्रिभज्या' असंही येतं. 'भ' म्हणजे रास. शाळेत हे कोणी सांगत नाही, त्यामुळे मध्यापासून कडेपर्यंत एकच रेघ असताना तिच्या नावात तीन कशाला, हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारतं आणि गप्प बसवलं जातं.

खरा गुंता मात्र 'ज्या'मध्ये आहे. चाप म्हणजे धनुष्य, ज्या म्हणजे त्याची दोरी. आकाशातल्या हिशोबाला अख्खी दोरी लागत नाही, अर्धी पुरते. म्हणून 'अर्धज्या' आली आणि वापरून वापरून तिच्यातला 'अर्ध' गळून पडला. इ.स. 499 च्या आसपास कुसुमपुरातल्या 23 वर्षांच्या ज्योतिर्विदाने लिहिलेल्या आर्यभटीयात दोन्ही अर्थ नांदतात. परिघाच्या सहाव्या भागाची ज्या अर्ध्या व्यासाएवढी असते, असं तिथे म्हटलंय ते अख्ख्या दोरीबद्दल; कोष्टकातल्या 24 किमती मात्र अर्ध्या दोरीच्या. 225 पासून सुरू होणारं हे कोष्टक 3438 वर संपतं. तो शेवटचा आकडा म्हणजे त्रिज्या. परिघाच्या 21,600 कला धरल्या (एका अंशाच्या 60) की मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर 3438 कलांचं भरतं. लांबी आणि कोन एकाच मापात आणण्याची ही युक्ती फार सुरेख आहे, पण ती सगळ्यांनी उचलली नाही. कोणी 120 घेतले, कोणी 150, कोणी 3270.

म्हणजे त्रिज्या ही समोर काढलेल्या वर्तुळाची लांबी नव्हतीच, ती ज्याच्या-त्याच्या कोष्टकाचा ठरीव आकडा होती. वर्तुळ मोजायचं तर व्यास आणि व्यासार्ध. चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची हकिकत कोरलेली आहे, त्या भास्कराचार्यांच्या लीलावतीतही वर्तुळाचा हिशोब व्यासावरूनच चालतो. पुढे शालेय भूमितीची परिभाषा ठरताना मराठीने ज्योतिषांचा शब्द उचलला. कंपासात 5 सेमी अंतर घेऊन काढलेल्या वर्तुळाला राशीचक्र चिकटलं ते असं. बंगालीने व्यासार्ध ठेवला, तेलुगूनेही. तमिळ आणि मल्याळम् म्हणतात 'आरम्', म्हणजे चाकाचा आरा. मला विचाराल तर हाच शब्द सगळ्यांत सरळ होता. बैलगाडीचं चाक पाहिलेल्या पोराला वेगळं समजवावं लागलं नसतं.

लॅटिन 'रेडियस'चाही एक अर्थ आराच. त्याच शब्दाला काठी, किरण आणि विणकराचा धोटा असेही अर्थ होते. हाताच्या कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने मनगटापर्यंत जाणाऱ्या हाडाला ग्रीक वैद्य धोट्याच्याच नावाने ओळखत, रोमन लोकांनी आपला धोटा वापरला. पाय घसरला आणि माणूस तळव्यावर पडला की बहुधा याच हाडाचं खालचं टोक मोडतं आणि एक्स-रेच्या कागदावर 'डिस्टल रेडियस' उमटतं. तिथे त्रिज्या म्हणून भागत नाही. ग्रीक भूमितीत त्या रेघेला स्वतंत्र नावच नव्हतं, 'मध्यापासूनची' म्हणत. लॅटिनमध्ये ते सोळाव्या शतकात रुळलं.

गंमत म्हणजे आरा मराठीतून हद्दपार झाला नाही, तो विज्ञानाच्या पुस्तकात गेला. तारामाशाची सममिती 'अरीय' असते, त्रिज्यीय नव्हे. एकाच इंग्रजी शब्दाची ही दोन भाषांतरं मुलं एकाच वर्षी, एकाच दप्तरात वागवतात.

संगणकवाल्यांचा रेडियस यातला कुणीच नाही. डायल-अपच्या ग्राहकाचं नाव आणि पासवर्ड तपासायला 1991 मध्ये अमेरिकेत बनवलेल्या पद्धतीच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं. सुरुवातीला तिने 1645 आणि 1646 हे पोर्ट वापरले, ते दुसऱ्याच सेवेच्या नावावर असल्याचं निघालं आणि अधिकृत क्रमांक 1812 व 1813 झाले. जुनी यंत्रं अजून जुन्याच दारावर थाप मारतात. 2003 मध्ये प्रमाणित झालेल्या तिच्या वारसाचं नाव 'डायमीटर', म्हणजे व्यास.

बातम्यांमध्ये त्रिज्या जवळपास दिसतच नाही. तिथे सगळं 'परिघात' घडतं: कोंबड्या नष्ट करायच्या त्या परिघात, जमावबंदी ती परिघात. परीघ म्हणजे तर भोवतालची गोल कड. (संस्कृतात 'परिघ' म्हणजे दाराचा अडसर; गोल कडेला तिथे 'परिधि' म्हणत.) नोटिशीत '10 किमी परिघात' लिहिलं आणि कुणी ते शब्दशः घेतलं, तर बंदीखाली येईल जेमतेम 8 चौरस किमी. लिहिणाऱ्याच्या मनात असतात 314.