लॅपटॉपचा प्रोसेसर आणि वर्कस्टेशनचा प्रोसेसर: पैसे भरायच्या आधी एवढं वाचा

"लॅपटॉपमध्ये २४ कोरचा आय९ मिळतोय, तुम्ही दाखवताय त्या झिऑनला १६च कोर, गिगाहर्ट्झ पण कमी, मग त्याला एवढे जास्त पैसे कशाचे?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर कोणी ना कोणी विचारतंच आणि प्रश्न अगदी रास्त आहे. उभ्या उभ्या सांगायला गेलं की निम्मं राहून जातं, गिऱ्हाईक घरी जातं आणि यूट्यूब बघून आणखी गोंधळतं, म्हणून हे कागदावर लिहून देतोय. कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी इकडून येणारे आमचे बरेचसे ग्राहक फाउंड्रीवाले, आर्किटेक्ट, लग्नाचे व्हिडिओ करणारे, सीए आणि इंजिनिअरिंगची पोरं, त्यामुळे उदाहरणं पण त्यांच्याच कामाची घेतलीत.

आधी ते आकडेच बघू. (वर्कस्टेशन म्हणजे तासन्तास चालणाऱ्या जड कामासाठीचा मोठा डेस्कटॉप, झिऑन हा इंटेलचा त्यातला प्रोसेसर, आय९ पण इंटेलचाच. कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक हात, थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारी कामं, गिगाहर्ट्झ म्हणजे वेग.) २०२३ सालचा लॅपटॉपचा कोअर आय९ १३९८०एचएक्स, कोर २४, पण त्यातले मोठे (वेगवान) ८ आणि छोटे (कमी वीज खाणारे) १६, थ्रेड ३२, स्पीड जास्तीत जास्त ५.६ गिगाहर्ट्झ. त्याच साली आलेला वर्कस्टेशनचा झिऑन डब्ल्यू५ २४६५एक्स, कोर १६ पण सगळे मोठे, थ्रेड तेवढेच ३२, स्पीड ४.७ पर्यंत. म्हणजे कागदावर लॅपटॉप पुढे, आणि खरं सांगायचं तर काही कामांत तो प्रत्यक्षातही पुढेच असतो. ऑटोकॅडचं बहुतेक काम एकाच कोरवर चालतं, बाकीचे कोर नुसते बसून असतात, त्यामुळे ज्यांचं सगळं काम टूडी वर्किंग ड्रॉइंगचं आहे त्यांना ५.६ वाला लॅपटॉप झिऑनपेक्षा चपळ वाटेल. टॅलीचं पण तेच, तिथे कोरांची गर्दी उपयोगाची नाही, एक कोर वेगवान आणि एसएसडी चांगली असली की झालं. अशा माणसाला आम्ही वर्कस्टेशन विकत नाही, मागितलं तरी आधी समजावून सांगतो.

मग फरक कुठे पडतो? वॅटमध्ये.

त्या झिऑनचं बेस पॉवर, म्हणजे सतत काम करताना धरलेली वीज, २०० वॅट आहे आणि लॅपटॉपच्या आय९ चं ५५. तो आय९ थोड्या वेळापुरता १५७ वॅटपर्यंत उडी मारू शकतो आणि जाहिरातीतला ५.६ चा आकडा त्या उडीतला असतो, तोही एखाद-दुसऱ्या कोरवर. पण १५७ वॅटची उष्णता अडीच सेंटीमीटर जाडीच्या डब्यातून बाहेर काढायची कशी, हा सगळा खेळ तिथे आहे. चिप काही कमी प्रतीची नसते, एचएक्स मालिका तर डेस्कटॉपच्याच चिपवर बनवलेली आहे, फक्त तिला मोकळा श्वास मिळत नाही.

विश्वास बसत नसेल तर दुकानात या, आम्ही समोर चालवून दाखवतो. सिनेबेंच आर२३ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते सगळे कोर १० मिनिटं सलग राबवतं. शेजारी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधला स्पीडचा आकडा बघत राहायचं. पातळ, दिसायला छान अशा आय७ १३७००एच वाल्या लॅपटॉपवर सुरुवातीला चारच्या आसपासचा आकडा दिसतो, पंखा शांत असतो, सगळं झकास वाटतं. अर्धा-एक मिनिट गेलं की पंखा ओरडायला लागतो, तापमान शंभराच्या जवळ पोचतं (या चिपची मर्यादाच १०० डिग्री आहे), आणि आकडा हळूहळू तीनच्या घरात, कधी त्याच्याही खाली येऊन बसतो, कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नाही. मे महिन्यात एसी नसलेल्या ऑफिसात तर बघायलाच नको. वर्कस्टेशनमध्ये किलोभर वजनाचा कूलर आणि पुढून मागे खेळती हवा असते, तिथे पहिल्या मिनिटाचा आकडा आणि तासाभरानंतरचा आकडा जवळपास तोच राहतो. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते या टिकण्याचे.

म्हणून आम्ही पहिला प्रश्न बजेटचा विचारत नाही. बटण दाबल्यावर तुमचं काम किती वेळ चालतं हे विचारतो. फाइल उघडली, बदल केला, सेव्ह केली, दर वेळी दहा-वीस सेकंदांचं काम, तर लॅपटॉप उत्तम. संध्याकाळी रेंडर (मॉडेलवरून तयार चित्र किंवा व्हिडिओ बनवायचं काम) लावून घरी जाता आणि सकाळी बघता, तर लॅपटॉपवर तो रोजचा छळ आहे, मशीनचा पण आणि तुमचा पण.

लॅपटॉपच घ्यायचा ठरलं तर प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर नक्की वाचा. आय७ १३५५यू आणि आय७ १३७००एच, दोन्हीवर स्टिकर आय७ चाच, जनरेशन दोन्हीची तेरावीच. यू वाल्यात १० कोर आणि त्यातले मोठे फक्त २, बेस १५ वॅट. एच वाल्यात १४ कोर, मोठे ६, बेस ४५ वॅट. सेलच्या जाहिरातीत नुसतं "आय७, तेरावी जनरेशन" एवढंच मोठ्या अक्षरात लिहितात आणि पुढचं अक्षर खाली बारीक टायपात जातं. शिवाय एकच चिप दोन कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळी धावते, कारण किती वॅट सोडायचे हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. त्यामुळे जाड, थोडा जड, मोठ्या चार्जरचा लॅपटॉप बघून नाक मुरडू नका, कामाला तोच येतो.

आता मेमरी, आणि हा मुद्दा फाउंड्रीवाल्यांनी जरा सावकाश वाचा. साखर कारखान्याचे रोलर कितीही दमदार असले तरी गव्हाणीत ऊस ज्या वेगाने पडतो त्याच वेगाने गाळप होणार, तसंच प्रोसेसरचं आणि रॅमचं आहे. लॅपटॉपच्या प्रोसेसरला रॅमचे दोन चॅनल, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, असतात, डीडीआर५ ५६०० (रॅमचा प्रकार आणि वेग) लावली तर सेकंदाला जास्तीत जास्त ८९.६ जीबी डेटा ये-जा करू शकतो. त्या झिऑनला चार चॅनल, ४८०० च्या रॅमवर १५३.६ जीबी. आणि एएमडीचा थ्रेडरिपर प्रो ७९७५डब्ल्यूएक्स, ज्याला ३२ कोर आहेत, त्याला आठ चॅनल, ५२०० च्या रॅमवर ३३२.८ जीबी. कास्टिंग सिम्युलेशनमध्ये (ओतकाम आधी कॉम्प्युटरवर करून बघणं) मेश, म्हणजे भागाचे पाडलेले छोटे तुकडे, बारीक केला की सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) लाखो तुकड्यांची, म्हणजे सेलची माहिती सतत रॅममधून वाचतो आणि परत लिहितो, तिथे कोर रिकामे आणि रॅमची वाट बघत बसलेले अशी परिस्थिती होते, मग २४ कोर असून काय उपयोग. "लॅपटॉपवर ८ कोर लावले काय आणि १६ लावले काय, वेळ तेवढाच लागतो" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचं दुखणं बऱ्याच वेळा हेच निघतं. (दुसरं कारण लायसन्सचं असतं, काही सिम्युलेशन सॉफ्टवेअरचं लायसन्सच कोर मोजून मिळतं, चार कोरचं लायसन्स असेल तर ३२ कोरचं मशीन घेऊन बाकीचे नुसते शोभेला, तेव्हा आधी लायसन्सचा कागद बघा.)

चॅनल सगळे भरले पाहिजेत हे पण लक्षात ठेवा. आठ चॅनलच्या बोर्डवर दोनच स्टिक लावून "पुढे वाढवू" म्हणालात तर गव्हाणीची सहा तोंडं बंदच राहिली. तेच लॅपटॉपमध्ये, १६ जीबीची एकच स्टिक असेल तर दुसरा चॅनल रिकामा, त्यापेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या.

रॅम किती बसते हा आणखी एक फरक. लॅपटॉप साधारण ६४ किंवा १२८ जीबीपर्यंत जातात, हे दोन्ही वर्कस्टेशन प्रोसेसर २ टीबीपर्यंत घेतात. एवढी कोणी लावत नाही, पण २५६ जीबी लागणारे आमच्याकडे आहेत आणि त्यांना लॅपटॉपचा पर्यायच नाही. वर्कस्टेशनची रॅम ईसीसी असते, म्हणजे एखादा बिट (डेटाचा सगळ्यात छोटा कण) चुकून पालटला तर ती स्वतः ओळखून दुरुस्त करते. तीन दिवस चाललेल्या सिम्युलेशनमध्ये अशी एक चूक आली तर एक तर मशीन बंद पडणार किंवा त्याहून वाईट, चुकीचं उत्तर बरोबर म्हणून छापून येणार. डीडीआर५ च्या साध्या स्टिकमध्ये पण आत काहीतरी ईसीसी असतं असं दुकानदार सांगतात, ते खरं आहे पण ते फक्त त्या रॅमच्या चिपच्या आतपुरतं, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेला ते संरक्षण नाही. आणि झिऑन, थ्रेडरिपर प्रो या दोन्ही प्रोसेसरना रजिस्टर्ड (सर्व्हरमध्ये वापरतात त्या प्रकारची) रॅमच लागते, घरच्या डेस्कटॉपची स्टिक चालणार नाही, ती आणून बसवायचा प्रयत्न करू नका.

ग्राफिक्स कार्डाचं थोडक्यात सांगतो. १३९८०एचएक्समधून थेट २० पीसीआयई लेन (कार्ड आणि एसएसडी जोडायच्या वाटा) निघतात, झिऑनमधून ६४, थ्रेडरिपर प्रोमधून १२८. एक कार्ड आणि एक-दोन एसएसडी असतील तर २० पुरे. दोन-तीन कार्डं लावून रेंडर किंवा एआयचं काम करायचं असेल तरच बाकीच्याचा विचार करा.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी मात्र इथे थांबा, कारण तुमचं गणित उलटं आहे. नवे मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये एच.२६५ (रंगाची जास्त माहिती ठेवून दाबून लहान केलेला व्हिडिओ) रेकॉर्ड करतात आणि हे फुटेज टाइमलाइनवर सुरळीत चालवायचं काम इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सला फार छान जमतं, अकराव्या जनरेशनपासून. लॅपटॉपच्या आय७-आय९ मध्ये ते असतं. वर सांगितलेल्या झिऑन आणि थ्रेडरिपर प्रोमध्ये अंगचं ग्राफिक्सच नाही. त्यामुळे तिप्पट पैसे टाकून वर्कस्टेशन घेतलं आणि प्रीमियरमध्ये (एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) फुटेज अडकतंय, असं खरंच होऊ शकतं. एनव्हिडियाच्या ५० मालिकेच्या कार्डांपासून ४:२:२ ची सोय आली, जुन्या कार्डांत नव्हती. व्हिडिओ मिक्सिंगवाल्यांना आमचा सल्ला साधा आहे, चांगला एच किंवा एचएक्स लॅपटॉप नाहीतर इंटेलचा साधा डेस्कटॉप, आणि उरलेल्या पैशांत बॅकअपच्या हार्डडिस्क घ्या.

सेकंडहँड झिऑनबद्दल पण लिहिलंच पाहिजे, सध्या त्याचा सुळसुळाट झालाय. ई५ २६८० व्ही४, १४ कोर, २८ थ्रेड, ऐकायला भारी आणि किंमत मोबाइलएवढी. पण ही चिप २०१६ ची, स्पीड जास्तीत जास्त ३.३, एका कोरच्या कामात आजचा साधा यू वाला लॅपटॉप तिला सहज मागे टाकतो. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत ती नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रेंडरसाठी दुसरं मशीन म्हणून कोपऱ्यात ठेवायचं असेल तर ठीक, पण टॅली, बँक, जीएसटी, सगळा व्यवहार त्याच्यावर ठेवू नका.

विजेचा हिशोब कोणी विचारत नाही, आम्हीच सांगतो. ७९७५डब्ल्यूएक्स एकटा ३५० वॅटचा आहे, वर मोठं कार्ड, समजा मशीन ७०० वॅट ओढतंय आणि रात्रभर १० तास चाललं तर ७ युनिट, तुमच्या दराने गुणून बघा. दुकानात मिळणारा नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, लाइट गेली की तो या मशीनला क्षणभर पण धरणार नाही, रात्रभराचं रेंडर मातीत. किमान दीड-दोन केव्हीएचा यूपीएस कोटेशनमध्ये धरा, आमच्या कोटेशनमध्ये तो असतोच. लॅपटॉपला बॅटरी आहे, हा त्याचा फार मोठा गुण आहे आणि आपल्याकडे तो कमी लेखून चालत नाही.

"मोबाइल वर्कस्टेशन" नावाने जे लॅपटॉप विकतात त्यांत प्रोसेसर बहुतेक लॅपटॉपचाच असतो, जास्तीचे पैसे असतात ते सर्टिफाइड ड्रायव्हरचं (डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी तपासलेलं) ग्राफिक्स कार्ड, रॅमचे जास्त स्लॉट आणि चांगल्या कूलिंगचे. साइटवर जाऊन क्लायंटला थ्रीडी मॉडेल दाखवणाऱ्यांना ते घेण्यासारखे आहेत. अलीकडे मधल्या वाटेचे प्रोसेसर पण आलेत, ॲपलचा १६ कोरचा एम३ मॅक्स लॅपटॉपमध्ये असून मेमरीचा वेग सेकंदाला ४०० जीबी देतो, एएमडीचा "रायझन एआय मॅक्स प्लस ३९५" हा २५६ जीबी देतो, त्यामुळे वरचा दोन चॅनलचा नियम त्यांना लागू नाही. पण त्यांची रॅम कायमची जोडलेली असते, घेताना जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत.

दुकानात येताना तुमची सगळ्यात जड फाइल पेनड्राइव्हवर घेऊन या, जी उघडताना किंवा चालवताना तुम्ही वैतागता तीच. सॉफ्टवेअरचं नाव आणि व्हर्जन लिहून आणा. जमलं तर सध्याचा लॅपटॉप पण आणा, त्याच्यावर ती फाइल चालवून आधी बघू की अडतंय कुठे, कोरात, रॅममध्ये का डिस्कवर, कधी कधी नुसती एक रॅमची स्टिक वाढवून काम भागतं आणि आम्ही तेवढंच करून देतो. लॅपटॉपबरोबर त्याचा मूळ चार्जर विसरू नका, बॅटरीवर प्रोसेसर पूर्ण वॅट घेत नाही आणि मग तपासलेले सगळे आकडे चुकतात.