दीव-दमण म्हणजे एक गाव नाही बे

आमच्या नागपूरच्या ग्रुपवर थंडी पडली की दरवर्षी एकच विषय निघतो, बेटावर जायचं. अंदमानचं विमानाचं तिकीट बघितलं की अर्धे गप्प होतात, लक्षद्वीपला परमिट काढावं लागतं हे कळलं की उरलेले पण गप्प, मग कोणीतरी म्हणते की अरे दीव-दमणला जाऊन येऊ ना, स्वस्तात होते, ते पण बेटच आहे. मागच्या वेळी असंच ठरलं. एकाने शनिवारच्या दोन रूम बुक केल्या, दुसऱ्याने काय काय बघायचं त्याची यादी टाकली, नायडा गुंफा, नागोआ बीच, पाणीकोठा म्हणजे समुद्रातला छोटा किल्ला, तिसऱ्याने वापीपर्यंतचं रिझर्वेशन करून टाकलं, सगळे खुश. निघायला आठ दिवस राहिले तेव्हा एकाने सहज मॅपवर रूम ते नागोआ बीच टाकून पाहिलं तर सहाशे किलोमीटरच्या वर आलं. आधी वाटलं मॅपच येडा झाला. मॅप बरोबर होता, रूम दमणच्या होत्या आणि यादी दीवची होती.

हसू नका, कारण तुमच्या ओळखीत पण चार जण असतील जे हे एकच गाव समजून राहिले. आपण नागपूरजवळच्या दोन गावांना जोडीने कामठी-कन्हान म्हणतो तेव्हा मध्ये एक नदी आणि एक पूल एवढाच मामला असतो, तसंच आपण दीव-दमण धरतो. इथे मध्ये नदी नाही, अख्खं खंबातचं आखात आहे. दमण या बाजूला, वापीच्या शेजारी, वलसाड जिल्ह्याला चिकटून. दीव पार तिकडे सौराष्ट्राच्या खालच्या टोकाला, उना गावाजवळ. पाण्यावरून सरळ रेघ मारली तर दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर, पण गाडीला काही पाण्यावरून जाता येत नाही, सुरत, वडोदरा, भावनगर असा आखाताला वळसा घालून जावं लागते.

मग नाव जोडीने काहून आलं? पोर्तुगीजांमुळे. खंबातच्या आखातात जाणारी-येणारी जहाजं ज्याच्या ताब्यात त्याच्या हातात गुजरातचा व्यापार, म्हणून आखाताच्या तोंडाशी एका अंगाला दीव घेतलं, तिथे १५३५ ला किल्ला बांधायला घेतला, आणि दुसऱ्या अंगाला दमण, ते १५५९ ला. फाटकाचे दोन खांब समजा. कारभार गोव्यातून चालायचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला तेव्हा हे दोन्ही पण सुटले आणि गोवा, दमण आणि दीव असा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. ३० मे १९८७ ला गोवा वेगळं राज्य होऊन निघून गेलं, मागे राहिली ही जोडी, आणि आपल्या डोक्यात ती जोडी तिथूनच चिकटली. २६ जानेवारी २०२० पासून तर दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव असं मालगाडीसारखं नाव आहे. कागदावर शेजारी, जमिनीवर नाही.

आता मुद्द्याचं. यातलं बेट एकच, दीव. लक्षात ठेवायला सोपं आहे, दीव हा शब्दच द्वीपावरून आलेला आहे, म्हणजे नावातच बेट आहे. दमण हे सरळ मुख्य भूमीवरचं गाव आहे, दमणगंगा नदी समुद्राला मिळते तिथे वसलेलं, नदीच्या उत्तरेला नानी दमण आणि दक्षिणेला मोटी दमण. (म्हणजे खरं कामठी-कन्हान तिथे आहे.) आणि गंमत म्हणजे ही दमणगंगा आपल्या महाराष्ट्रातून, नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीतून निघते. दीवचं बेट लांबीला बारा-तेरा किलोमीटर, रुंदीला तीनेक, दोन पुलांनी सौराष्ट्राला जोडलेलं, त्यामुळे बोटीत न बसता बेटावर जाता येते. त्यातही एक मेख आहे, दीवचा जो घोघला बीच आहे, ज्याला ब्लू फ्लॅग म्हणजे स्वच्छ बीचचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेलं आहे, तो बेटावर नाहीच, पुलाच्या अलीकडे मुख्य भूमीवर आहे. जिल्हा मात्र दीवच.

ट्रॉपिकल म्हणाल तर दोन्ही ट्रॉपिकल, कर्कवृत्ताच्या खाली, पण त्या हिशोबाने आपलं नागपूर पण ट्रॉपिकलच आहे, मे महिन्यात कोणाला शंका असेल तर सीताबर्डीच्या बाजारात दुपारी दोनला उभं राहून बघा. तेव्हा या शब्दाला भुलू नका, पाणी आणि वाळू कशी आहे ते विचारा. खरा फरक तिथेच आहे आणि हे कोणी सांगत नाही. दमणचा किनारा काळपट आणि चिखलाचा आहे, कारण नदी सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा गाळ आणून टाकते, तोच बेसॉल्ट ज्याच्यावर आपली सीताबर्डीची टेकडी उभी आहे. वरून खंबातच्या आखातात भरती-ओहोटी भारतातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी, तर ओहोटीला पाणी इतकं आत जाते की तुम्ही समुद्र बघायला आले आणि समोर नुसतं ओलं मैदान. दमणच्या जांपोर बीचला सुरूची झाडं छान आहेत, देवका बीचला २०२३ मध्ये झालेला पाच किलोमीटरच्या वरचा समुद्रकाठचा रस्ता आहे, नमो पथ, संध्याकाळी आपल्या फुटाळा तलावावर फिरल्यासारखं फिरा, भुट्टा खा. पण टॉवेल घेऊन पोहायला जाण्यातला तो समुद्र नाही, देवक्याला तर पाण्यात खडक आहेत.

दीवचा दगड वेगळा, पिवळसर चुनखडीचा, म्हणून वाळू पण फिकी आणि पाणी त्यामानाने स्वच्छ. नागोआचा बीच घोड्याच्या नालासारखा वळलेला, काठाने होका नावाची ताडाची झाडं, ज्याच्या खोडाला फांद्या फुटतात, असं झाड मी आधी कुठे पाहिलं नव्हतं आणि पंधरा मिनिटं त्याचेच फोटो काढत बसलो. नायडा गुंफा पण त्याच दगडातल्या, किल्ल्यासाठी पोर्तुगीजांनी इथून दगड काढला आणि जे भोकाडं उरलं त्यात आता वरून ऊन पडते आणि लोक रील काढतात. फुदम गावाजवळ गंगेश्वर महादेव आहे, पाच शिवलिंगं, भरतीच्या लाटा येऊन त्यांच्यावर पडतात, त्या वेळेलाच जा. किल्ला मोठा आहे, तीन बाजूंनी समुद्र, त्याला अर्धा दिवस द्या आणि टोपी न्या. आणि खुकरीचं स्मारक सोडू नका. १९७१ च्या युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीने आपली युद्धनौका आयएनएस खुकरी दीवच्या पुढच्या समुद्रात बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. तिथून समोर नुसतं पाणी दिसते. आमच्यातला सगळ्यात बडबड्या पण तिथे दहा मिनिटं बोलला नाही.

दमणला बघायला काही नाही असं नाही. मोटी दमणच्या किल्ल्याच्या आत अजून सरकारी ऑफिसं चालतात, बॉम जीझस चर्च आहे, नानी दमणला सेंट जेरोमचा छोटा किल्ला आहे, त्याच्यावरून खाली मासेमारीच्या होड्या दिसतात. पण हे सगळं एका दिवसात होते.

आता पैसा आणि सुट्टी, म्हणजे खरं भांडण. दमणचं सोपं आहे. नागपूरहून भुसावळ, नंदुरबार करत सुरतला जाणारी गाडी धरा, हावडा-अहमदाबाद एक्सप्रेस याच रस्त्याने जाते, सुरतहून वापी दीड-दोन तास, वापी स्टेशनवरून दमण बारा किलोमीटर, शेअर रिक्षा मिळते. किंवा रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तिथून वापी. शुक्रवारी निघा, शनिवार-रविवार तिथे, सोमवारची एक सुट्टी टाका, झालं. प्रवास स्वस्त, पण रूम महाग पडते, कारण शनिवारी सुरत, वापी, मुंबईचं सगळं पब्लिक तिथेच येऊन पडते.

दीवचं उलटं. नागपूर-अहमदाबाद गाडी, प्रेरणा एक्सप्रेसचे दिवस जुळले तर ती, मग अहमदाबादहून दीवपर्यंत साडेतीनशेच्या वर किलोमीटर बस, म्हणजे एक रात्र रेल्वेत आणि एक रात्र बसमध्ये. पाठ मोडते. नुसत्या शनिवार-रविवारात हे बसतच नाही, गुरुवारी निघून मंगळवारी परत असा लाँग वीकेंड पाहिजे. हजीरा ते घोघा अशी फेरी बोट २०२० मध्ये सुरू झाली, त्याने वळसा वाचतो, चालू आहे का ते आधी विचारून घ्या, आणि हे घोघा भावनगरजवळचं, दीवचं घोघला नाही, नाहीतर पुन्हा आमच्यासारखं होईल. पण एकदा दीवला पोचले की खर्च थांबतो. बेट इतकं छोटं आहे की दोघांत एक स्कूटी घेतली तर सगळं होते, टॅक्सी लागत नाही. म्हणून माझं म्हणणं, चार जण असाल आणि दोन-तीन सुट्ट्या शिल्लक असतील तर दीवच, सुट्टी एकच असेल तर दमणला जा पण बेटावर चाललो म्हणून सांगू नका. सुट्ट्या जास्तच असतील तर दीवला सोमनाथ जोडून घ्या, तिथून नव्वदेक किलोमीटर आहे. पावसाळ्यात मात्र दोन्हीकडे नको, समुद्र खवळलेला असतो आणि पाण्यात उतरता येत नाही. दिवाळीत दीवला अख्खा गुजरात असतो.

आणि तो विषय, ज्याच्यासाठी अर्धे लोक जातात. गुजरातमध्ये दारूबंदी, या दोन्ही ठिकाणी नाही, गर्दीचं अर्धं कारण हेच. तिथे बसून काय ते करा, पण "दोन बाटल्या बॅगेत टाकू, कोण बघते" हे नका करू. दीवमधून कुठूनही बाहेर पडा, गुजरातच लागते आणि नाक्यावर बॅगा उघडतात. आमच्यातल्या एकाला हे समजावून सांगत होतो तर तो म्हणे सुरत गेलं की झालं ना, पुढे आपलाच महाराष्ट्र. त्याला म्हटलं, भाऊ, नागपूरची गाडी वर्ध्यावरून येते, तिथे पण दारूबंदीच आहे.