कल्चरल ह्युमिलिटी आली कुठून, थोडं मागचं

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या मास्टर डिग्रीच्या) पोरांना हल्ली कल्चरल ह्युमिलिटीवर असाइनमेंट असते, आन बहुतेक जण 'सांस्कृतिक नम्रता' असं भाषांतर करून सगळ्यांच्या संस्कृतीचा आदर करावा असं दोन पानं लिहून मोकळे होतात. पण हा शब्द मुळात आला तो 'आम्हाला सगळं माहितीये' या घमेंडीवर उतारा म्हणून: समोरच्याचं जगणं आपल्याला माहीत नाही असं धरून त्यालाच विचारायचं, आन आपल्या समजुती कायम तपासत राहायच्या.

आधी चालायचा कल्चरल कॉम्पिटन्स, म्हणजे वेगळ्या संस्कृतीच्या लोकांसोबत नीट काम करता येण्याची क्षमता. १९८९ ला अमेरिकेत टेरी क्रॉस आणि सोबत्यांनी मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेवर लिहिताना तो मांडला. कल्पना चांगलीच होती, पण ट्रेनिंगमध्ये तिचं झालं काय, तर अमक्या समाजाचे लोक असे, तमके तसे, पाठ करा न् सर्टिफिकेट घ्या. तिकडं लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणारे पोलीस १९९२ ला सुटले, शहर पेटलं, आन त्यानंतर ऑकलंडच्या मुलांच्या हॉस्पिटलात तिथल्याच लोकांनी स्वतःच्या वागण्याकडं बघायचं काम सुरू झालं. त्यातून मेलनी टेरव्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टर बायांनी १९९८ ला लेख लिहून कल्चरल ह्युमिलिटी हा शब्द मांडला. त्यातला एक किस्सा मला लई आवडतो: ऑपरेशन झालेली लॅटिनो बाई कण्हतीये, डॉक्टर म्हणतो हिला दुखतंय, तर नर्स म्हणते, छे, मी कोर्स केलाय, हे लोक दुखणं वाढवूनच सांगतात. म्हणजे कोर्स केल्यामुळंच बाईचं कण्हणं ऐकू येईना!

आपल्याकडं समाजकार्याचं शिक्षणच बाहेरून आलेलं. १९३६ ला मुंबईत टाटांची शाळा निघाली (आताची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), पहिले डायरेक्टर क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन, मग केसवर्कची (एकेका माणसाची अडचण समजून मदत करायच्या कामाची) भाषाही तिकडचीच. तुळजापूरचा कॅम्पस नंतर पन्नासेक वर्षांनी.

पण मराठवाड्यानं हा धडा शब्द माहीत नसतानाच गिरवला. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप, विसर्जनाची रात्र सरून पहाट होत होती. दगडमातीच्या जाड भिंती आन वरचं माळवद, त्याखालीच माणसं गेली, म्हणून ५२ गावं नव्या जागी हलवली. नवी घरं ज्याची जेवढी जमीन त्या हिशोबानं, २५०, ४०० नाहीतर ७५० स्क्वेअर फूट, रस्ते सरळ शहरासारखे. मजबूत होती, त्यात वाद नाही. पण बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा, हे कामून कोणी विचारलं नाही? लोकांनी मग पुढं पत्र्याचं शेड टाकून आपलं आपण भागवलं. जिथं गाव न हलवता घरं दुरुस्त करायची होती तिथं मात्र गावातल्याच बायांना संवाद सहायक (गावकरी आन सरकार यांच्यातला दुवा) नेमलं, आन माझ्या मते त्या सगळ्या कामात शहाणपणाचं तेवढंच.

मी स्वतः काय वेगळी नव्हते. बीडकडच्या एका तांड्यावर सर्व्हेला गेले, नवऱ्यापुढं 'ऊसतोड मजूर' लिहिलं आन बायकोपुढं न विचारता 'गृहिणी'. ती मावशी फॉर्मकडं बघून म्हणली, "काय लिवलं?" सांगितलं तर हसलीच. "आमचा दोघांचा मिळून एक कोयता हाय बाई, मुकादम उचल देतो ती जोडीला. त्यो तोडतो, मी मोळ्या बांधते न् डोक्यावर घेऊन गाडी भरते. घरी हाय कोण?"

खोडून 'ऊसतोड' केलं. आठ दिवसांनी डेटा एन्ट्रीवाल्या पोराचा फोन, मॅडम, बायकांच्या रकान्यात ऊसतोड ऑप्शनच नाहीये, गृहिणी टाकू का?