'येणारेस का?' आणि स्पॅनिशचा भविष्यकाळ

"उद्या येणारेस का?" असं आपण सर्रास विचारतो. लिहिताना मात्र 'येणार आहेस' अशी दोन पदं करतो. बोलण्यात 'आहेस'मधला बराचसा भाग गळून जातो आणि उरलेला 'एस' 'येणार'ला चिकटतो. स्पॅनिशचा साधा भविष्यकाळ नेमका असाच जन्मला आहे.

स्पॅनिश क्रियापदाचं मूळ रूप 'आर', 'एर' किंवा 'इर'ने संपतं. आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं, बिबिर म्हणजे जगणं. वर्तमानकाळात ही शेपूट काढून टाकावी लागते, आणि प्रत्ययही गटागणिक बदलतात. भविष्यकाळात काहीच काढायचं नाही. मूळ रूप अख्खं ठेवायचं आणि पुढे प्रत्यय लावायचा: मी आब्लारे, तू आब्लारास, तो आब्लारा, आम्ही आब्लारेमोस, तुम्ही आब्लारेइस, ते आब्लारान. कोमेर आणि बिबिरलाही हेच प्रत्यय लागतात. जोर मात्र प्रत्ययावरच हवा. 'आब्लारा'तल्या 'ब्ला'वर जोर दिला, तर 'बोलेल' न राहता 'बोलला असता तर' अशा धर्तीचं रूप होतं.

हे प्रत्यय आले कुठून? 'आबेर' या सहायक क्रियापदाची वर्तमानकाळी रूपं म्हणून पाहा: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. 'आबेइस'मधला 'आब' गळला, बाकी सगळं जसंच्या तसं! रोमन लिपीत या रूपांच्या आधी एक न उच्चारला जाणारा 'एच' असतो, म्हणून नातं पटकन दिसत नाही. देवनागरीत लिहिलं की ते डोळ्यांत भरतं.

स्पॅनिश ज्या लॅटिनमधून आली, तिचा जुना भविष्यकाळ वेगळा होता. 'कांताबित' म्हणजे तो गाईल आणि 'कांतावित' म्हणजे तो गायला. पुढे स्वरांमधले ब आणि व बोलण्यात एकसारखे होत गेले, आणि 'गाईल' व 'गायला' कानाला सारखेच लागू लागले. अशी रूपं टिकणं कठीणच. मग लोकांनी 'कांतारे हाबेओ' ही जोडणी हाताशी घेतली, म्हणजे साधारण आपलं 'मला गायचं आहे'. गरज सांगणारी ही रचना हळूहळू निव्वळ भविष्य सांगू लागली आणि झिजत झिजत स्पॅनिशमध्ये 'कांतारे' झाली.

या जोडणीचा फार जुना लेखी पुरावा सातव्या शतकातल्या फ्रेडेगारच्या बखरीत आहे. हरलेला पर्शियन राजा प्रांत परत द्यायला नकार देत म्हणतो, "नोन दाबो", देणार नाही. सम्राट जस्टिनियन उत्तरतो, "दारास", देशील! बखरकाराच्या मते दारास या शहराला त्यावरूनच नाव पडलं. व्युत्पत्ती म्हणून ही कथा रचलेलीच, पण राजा जुन्या रूपात बोलतो आणि सम्राट नव्या, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

हा सांधा पुढेही कित्येक शतकं पक्का झाला नव्हता. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये 'तुला देईन' हे 'दार ते ए' असं म्हणता येई: मध्ये 'तुला' बसवलेलं, सहायक सुटं. आज फक्त 'ते दारे'. पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात मात्र अशी फोड अजून भेटते. 1492 साली नेब्रिहाने पहिलं छापील स्पॅनिश व्याकरण लिहिलं, तेव्हा हा काळ मूळ रूप आणि 'आबेर' मिळून बनतो हे त्याने ओळखलं होतं.

मोजकी क्रियापदं मूळ रूप बदलतात, जसं 'तेनेर'चं 'तेंद्रे'. प्रत्यय तिथेही तेच.

आणखी एक साम्य. "सेरान लास त्रेस" म्हणजे "तीन वाजले असतील". गोष्ट आत्ताची, रूप भविष्याचं, आपल्या 'असतील'सारखंच.

रोजच्या बोलण्यात आता 'आब्लारे'पेक्षा 'बोय आ आब्लार', म्हणजे शब्दशः 'बोलायला जातोय', हेच जास्त ऐकू येतं. आणि घाईत बोलताना त्यातल्या 'बोय आ'चं काही ठिकाणी 'बुआ' होऊ लागलंय.