माओमाओची पहिली केस : चेहऱ्यावरच्या सफेद्याचे विष

'द अपोथेकरी डायरीज' या जपानी ॲनिमे मालिकेची सुरुवात मरणाऱ्या बाळांपासून होते. जुन्या चीनच्या धर्तीवर रचलेले एक काल्पनिक साम्राज्य आहे. तिथल्या बादशहाची मुले तान्ह्या वयातच एकेक करून दगावतात. अंतःपुरात कुजबुज सुरू असते की हा शाप आहे. माओमाओ ही तिथली साधी मोलकरीण. गणिकांच्या वस्तीत, औषधे बनवणाऱ्या बापाच्या हाताखाली ती वाढली आहे. दोन राण्या आणि त्यांची आजारी बाळे तिच्या नजरेस पडतात आणि तिच्या लक्षात येते की दोष चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या पावडरीचा आहे. स्वतःच्या कपड्याची चिंधी फाडून ती त्यावर इशारा लिहिते : पावडर विषारी आहे, बाळाला तिचा स्पर्श होऊ देऊ नका. एक राणी तो इशारा मानते आणि तिची मुलगी वाचते. दुसऱ्या महालात तो कोणी मनावर घेत नाही, आणि तिथला राजपुत्र जातो.

ह्युगा नात्सु यांनी ही कथा 2011 पासून इंटरनेटवर लिहायला घेतली, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तिची ॲनिमे मालिका आली. माओमाओच्या हुशारीचे कौतुक बहुतेक प्रेक्षक करतात. मला जास्त मोलाची वाटते ती तिची पद्धत. गणिकांच्या वस्तीत अशीच पावडर लावणाऱ्या बायका खंगून मरताना तिने पाहिल्या आहेत. त्यामुळे संशय कोणत्या दिशेने घ्यायचा हे तिला ठाऊक आहे. पुढे जे घडते तो जवळजवळ एक प्रयोगच आहे. अन्न, पाणी, हवा सगळे एकाच राजवाड्यातले, फक्त एका घरात पावडर थांबली आणि दुसऱ्यात चालू राहिली. आजाराचे कारण शोधताना साथरोगतज्ज्ञ आजही अशाच जोड्या धुंडाळतात.

ही पावडर म्हणजे सफेदा, रसायनशास्त्राच्या भाषेत शिशाचे आम्लारिधर्मी कार्बोनेट. ती बनवणे अवघड नव्हते. शिशाच्या पातळ पत्र्यांना व्हिनेगरची वाफ, ऊब आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्यांच्यावर पांढरा थर धरतो. तो खरवडायचा, धुवायचा, वाळवायचा. सोंग यिंगशिंग यांनी 1637 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'तियानगोंग काइवू' या चिनी उद्योगविषयक ग्रंथात ही कृती दिली आहे. हा सफेदा गालांना लावला की त्वचेचा मूळ रंग निळसर पडतो, अशी नोंदही तिथेच आहे. म्हणजे काहीतरी बिघडते हे लोकांना दिसत होते. तरी वापर थांबला नाही, कारण सफेदा त्वचेला घट्ट चिकटतो, थोड्याशा लेपात भरपूर झाकतो आणि तांदळाच्या पिठासारखा गळून पडत नाही.

शिशाचा अणू शरीरात कॅल्शियम आणि जस्त यांच्या जागा बळकावतो. रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहणारे हीम तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) जस्ताची गरज असते. जस्ताच्या जागी शिसे बसले की तो विकर बंद पडतो आणि माणूस पांढराफटक दिसू लागतो. मेंदूतल्या पेशी कॅल्शियमच्या साहाय्याने एकमेकींना संदेश देतात, तिथेही शिसे ढवळाढवळ करते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहा टक्के शोषले जाते. लहान मुलांत हे प्रमाण पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यांच्या मेंदूभोवतीची संरक्षक भिंतही अजून पुरती तयार झालेली नसते. मात्रा जास्त झाली की मेंदूला सूज येते, उलट्या होतात, आकड्या येतात. आईला फारसे काही जाणवत नसताना बाळ का दगावते, याचे उत्तर यात आहे. बाळ आईच्या छातीवर, मानेवर, गालावर तोंड लावते आणि पावडर चाटते. त्यात भर म्हणजे आईच्या हाडांत साठलेले शिसे गरोदरपणात आणि अंगावर पाजताना कॅल्शियमबरोबर सुटते आणि दुधातही उतरते.

हे सगळे कथेपुरते राहिले असते तर बरे झाले असते. मालिका ज्या देशात तयार झाली, त्याच जपानमध्ये हे प्रत्यक्ष घडले आहे. 1887 मध्ये सम्राट मेइजी यांच्यासमोर काबुकी या पारंपरिक जपानी नाट्याचा खास प्रयोग झाला. त्यात नाकामुरा फुकुसुके (चौथे) या तरुण नटाचे पाय मंचावर थरथरू लागले. वर्षानुवर्षे चेहऱ्याला आणि मानेला सफेदा लावून त्यांना शिशाची विषबाधा झाली होती. बातमी गाजली आणि शिसेविरहित पावडरीचा शोध सुरू झाला. 1900 मध्ये विषारी रंगांवर सरकारी नियम आले, पण सौंदर्यप्रसाधनांतल्या सफेद्याला तूर्त म्हणून सूट मिळाली. जस्ताची नवी पावडर बाजारात आली तरी सफेद्याचे गिऱ्हाईक टिकून राहिले.

त्या सवलतीची किंमत बाळांनी मोजली. तेव्हा जपानी डॉक्टरांना तान्ह्या मुलांचा एक गूढ आजार वारंवार दिसत असे. बाळ फिकट पडायचे, उलट्या व्हायच्या, आकड्या यायच्या. लक्षणे मेंदूज्वरासारखी, म्हणून त्याला 'तथाकथित मेंदूज्वर' म्हणत. क्योतोचे बालरोगतज्ज्ञ हिराई इकुतारो यांनी 1923 मध्ये दाखवून दिले की ही शिशाची विषबाधा आहे आणि ती आईच्या पावडरीतून होते. काबुकीच्या त्या प्रयोगाला तोवर 36 वर्षे लोटली होती! 1930 मध्ये नवा नियम आला आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत शिशाची पावडर कायद्याने बंद झाली. माओमाओचे निदान आणि हिराईंचे निदान एकच आहे, हे कळल्यावर तो पहिला भाग मला पुन्हा पाहावासा वाटला.

उपचारांच्या बाबतीत मालिका जरा सोपा मार्ग घेते. पावडर सोडायला तयार नसलेल्या महालातली राणी खंगत जाते. माओमाओ तिला पातळ पेज, भरपूर चहा आणि वाफेचे स्नान देऊन उभी करते. यातला निर्णायक उपाय एकच, एका दासीने लपवून ठेवलेली पावडर हुडकून फेकून देणे. घामावाटे शिसे फारसे जात नाही. रक्तातले शिसे काही आठवड्यांत उतरू लागते, पण हाडांतले निम्मे व्हायला दशके लागतात. शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे विसाव्या शतकाच्या मध्यावर हाती आली. राणीला बरे करताना कथेने थोडी घाई केली, पण विषाचा स्रोत आधी तोडायचा हा क्रम आजच्या डॉक्टरांचाही आहे.

आपल्याकडे गायकाचा आवाज घालवण्यासाठी त्याला शेंदूर खाऊ घातल्याच्या गोष्टी गाणाऱ्यांच्या घराघरांत सांगितल्या जातात. कोणत्या गायकाच्या बाबतीत त्या खऱ्या, हा वाद बाजूला ठेवू. शेंदूर म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइड, आणि शिसे चेतातंतूंना इजा करते हे पक्के आहे. मोठ्यांत मनगट लुळे पडणे ही त्याची जुनी ओळखीची खूण. शिशाची बाधा झालेल्या घोड्यांत स्वरयंत्राचा पक्षाघात होतो, त्यांचा श्वास घरघरतो, हे पशुवैद्यांना चांगले माहीत आहे. त्यामुळे या दंतकथेमागे शरीरशास्त्राचा आधार असू शकतो असे मला वाटते.

युनिसेफने 2020 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे, आणि त्यांत भारतातली मुले सर्वाधिक. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणे, रंग, काही मसाले ही त्याची कारणे. हळद जास्त पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग मिसळतात. बांगलादेशात 2019 मध्ये संशोधकांनी ही भेसळ उघडकीस आणल्यावर सरकारने धाडी घातल्या आणि लोकांना सावध केले. तेव्हा बाजारातल्या हळदीच्या 47 टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. 2021 मध्ये ते एकाही नमुन्यात सापडले नाही आणि हळदीच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातले शिसे सुमारे 30 टक्क्यांनी उतरले.