‘बी-सेव्हन्टीऽऽन बॉऽऽमर!’ : आवाज वेगळा विकत मिळायचा तेव्हा

कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, चालू केला की टीव्हीवर खेळाचं नाव यायचं आणि लगोलग कुणीतरी ते मोठ्याने म्हणायचं. ‘बी-सेव्हन्टीऽऽन बॉऽऽमर!’ अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या माणसासारखं, शब्द च्युइंगमसारखे ताणून. आवाज माणसाचाच, पण पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. १९८२ साली ज्या अमेरिकन मुलांनी तो घरच्या टीव्हीतून ऐकला ती आता पन्नाशीच्या पुढे गेली. त्यांच्यासमोर या खेळाचं नुसतं नाव काढा, बरेच जण ते त्याच हेलात म्हणून दाखवतील.

गंमत म्हणजे हा आवाज कन्सोलमध्ये नव्हता. मॅटेल कंपनीच्या इंटेलिव्हिजन या कन्सोलला उजव्या बाजूला कार्ट्रिज घालायची खाच होती. (नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्ही-गेमच्या कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’च म्हणायचे, ती ही वस्तू.) त्या खाचेत आधी ‘इंटेलिव्हॉइस’ नावाचा तपकिरी डबा बसवायचा आणि मग त्या डब्यात कार्ट्रिज. डब्यावर आवाज कमी-जास्त करायचं एक बटण. एवढं केलं की खेळ बोलायला लागायचा. पैसे अर्थातच वेगळे.

धंद्याच्या हिशेबात हा डबा पडला. त्याच्या जोडीने आलेले दुसरे डबेही पडले. तरी आज जुन्या कन्सोलचे शौकीन त्यांच्याबद्दल ज्या मायेने बोलतात, तशी माया खपाचे उच्चांक करणाऱ्या कित्येक खेळांच्या वाट्याला आलेली नाही. असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं, आणि सुरुवात एका साध्या गणितापासून करावी लागते.

टेलिफोनवर ऐकू येतो तेवढ्या दर्जाचा आवाज जसाच्या तसा आकड्यांत साठवायचा तर सेकंदाला ६४,००० बिट लागतात. त्या काळचं नेहमीचं कार्ट्रिज चार किलोबाइटचं, म्हणजे सुमारे ३२,००० बिटचं. त्यात चित्र, हालचाल, गुण, सगळा खेळ बसवायचा. तो सगळा काढून टाकला आणि नुसता आवाज भरला, तरी अर्ध्या सेकंदात कार्ट्रिज भरलं. ‘बॉम्ब’ म्हणून होईल, ‘बॉम्बर’ म्हणेपर्यंत जागा संपलेली.

यातून वाट निघाली ती टेलिफोनच्या संशोधनातून. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या एनटीटी कंपनीत फुमितादा इताकुरा आणि शुझो साइतो, तर अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये बिष्णू अटल आणि मानफ्रेड श्रोडर जवळपास एकाच वेळी एका कल्पनेवर काम करत होते. अटल मूळचे कानपूरचे, लखनौ आणि बंगळूरला शिकलेले. कल्पना अशी, की आवाज साठवायचाच नाही, घसा साठवायचा. माणूस बोलतो तेव्हा स्वरतंतूंतून एक भुणभुण निघते, किंवा ‘स’ म्हणताना नुसता वाऱ्याचा फुसकारा. तिला आकार देतात घसा, जीभ आणि ओठ. मग सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा एवढंच लिहून ठेवायचं, की आत्ता भुणभुण आहे का फुसकारा, तिची पट्टी कोणती, जोर किती आणि तोंडाच्या पोकळीचा आकार कसा. ऐकवायच्या वेळी एक चिप हे आकडे वाचते आणि खोट्या घशातून खोटी भुणभुण सोडते. ६४,००० बिटांचं काम हजार-दोन हजारांवर येतं.

म्हणजे ज्याला आपण ‘रोबोटचा आवाज’ म्हणतो, ते वाईट ध्वनिमुद्रण नव्हे. तिथे ध्वनिमुद्रण वाजतच नसतं. सिलिकॉनचा घसा त्या क्षणी, तिथल्या तिथे बोलत असतो. या आवाजांचं वेड ज्यांना आहे त्यांच्या वेडाचं मूळ मला इथेच दिसतं.

हा घसा एका चिपमध्ये मावतो आणि खेळण्याच्या किमतीत बसतो, हे टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने १९७८ साली ‘स्पीक अँड स्पेल’ या खेळण्यात दाखवून दिलं. पोरांना इंग्रजी स्पेलिंग शिकवणारं, मूठ असलेलं ते लाल-पिवळं यंत्र शब्द उच्चारायचं आणि मूल त्याची अक्षरं दाबायचं. चार जणांच्या चमूने ते उभं केलं.

गल्ल्यात नाणं टाकून खेळायचे खेळ त्यानंतर लगेच बोलू लागले. १९८० च्या ‘बर्झर्क’मधले रोबोट घुसखोराच्या नावाने ओरडायचे आणि पळून जाणाऱ्याला डरपोक म्हणून हिणवायचे. त्यातली चिप वेगळ्या पद्धतीची होती. ती मुळात अंधांसाठीच्या बोलत्या कॅल्क्युलेटरसाठी बनवलेली. आकडे सांगणारी भली चिप इथे शिव्या द्यायच्या कामाला लागली. आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकायच्या यंत्रांच्या खेळघरात, ऐकलेलं पोरांना घरी हवं असायचंच, आणि कन्सोल कंपन्यांची एकमेकींशी जुंपलेली होती. अटारीकडे नाही असं काहीतरी मॅटेलला दाखवायचं होतं.

इंटेलिव्हिजनचा मुख्य प्रोसेसर जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीचा होता. आवाजाची एसपी०२५६ ही चिपही तिचीच. १९८२ साली मॅटेलने तीन बोलते खेळ आणले: ‘स्पेस स्पार्टन्स’, ‘बी-१७ बॉम्बर’ आणि ‘बॉम्ब स्क्वाड’. पुढच्या वर्षी चौथा आला, ‘ट्रॉन: सोलर सेलर’. इंटेलिव्हिजनच्या संगणक-जोडणीसाठीच्या बेसबॉलच्या खेळातही या डब्याची सोय होती. संपली यादी.

यादी छोटी असली तरी खेळ फालतू नव्हते. ‘बी-१७ बॉम्बर’ घ्या. तुम्ही दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान घेऊन युरोपवर निघालेले. पडद्यावर एका वेळी एकच दृश्य: एक तर नकाशा, नाहीतर वैमानिकासमोरची यंत्रं, नाहीतर एखाद्या तोफेच्या खिडकीतून दिसणारं आभाळ. मागून शत्रूची विमानं आली तर ती दिसणार कशी? दिसत नाहीत, ऐकू येतात. साथीदार घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत ओरडून दिशा सांगतो, तुम्ही आकड्यांचं बटण दाबून त्या खिडकीवर जायचं आणि गोळ्या झाडायच्या. डोळे एका कामात, कान दुसऱ्या. ‘स्पेस स्पार्टन्स’मध्ये यानाचा संगणक बाईच्या आवाजात परिस्थिती सांगत राहतो. ‘बॉम्ब स्क्वाड’मध्ये बॉम्ब निकामी करताना कोणतं हत्यार उचलायचं ते कानात सांगितलं जातं. आवाज बंद केलात तर खेळ अर्धा आंधळा. बोलणं हे सजावटीसाठी नसून खेळाचा अवयव आहे, हे इतक्या लवकर इतक्या नीट कुणी ओळखलं होतं याचं मला आजही कौतुक वाटतं.

त्यासाठी काटकसर मात्र जीवघेणी. सारखे लागणारे शब्द कार्ट्रिजची जागा खाऊ नयेत म्हणून चिपच्या पोटातच भरून ठेवले होते. त्यात इंग्रजी आकडे होते, आणि कंपनीचं नावही. शून्य ते एकोणीस हे वीस शब्द आणि वीस ते नव्वदपर्यंतचे दशक आठ. अठ्ठावीस शब्दांत इंग्रजी नव्व्याण्णवपर्यंत पोचते. हेच मराठीत करायचं म्हटलं तर? एकोणपन्नास, त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी… आपला प्रत्येक आकडा स्वतंत्र संस्थान. शंभरच्या शंभर शब्द भरावे लागले असते, आणि मग बॉम्बला जागा उरली नसती. तुकडे जोडून बोलणं आपल्याला नवं नाही म्हणा. रेल्वे स्टेशनवर ‘फलाट क्रमांक’ नंतर क्षणभर थांबून वेगळ्याच पट्टीत येणारं ‘चार’ ज्याने ऐकलंय, त्याला इंटेलिव्हॉइसचे सांधे लगेच ओळखू येतील.

१९८२ सालीच मॅग्नाव्हॉक्स या दुसऱ्या कंपनीने आपल्या ओडिसी-२ या कन्सोलसाठी ‘द व्हॉइस’ नावाचा डबा काढला. चिप त्याच घराण्यातली, पण विचार उलटा. ओडिसी-२ ला मुळातच अक्षरांचा सपाट कीबोर्ड होता. त्यामुळे ‘टाइप अँड टेल’ या कार्ट्रिजवर आपण शब्द टाइप करायचा आणि यंत्राने तो वाचायचा. घरात मोठं माणूस नसताना पोरांनी पहिल्यांदा काय टाइप केलं असेल हे सांगायला नको. या डब्याला स्वतःचा स्पीकर होता, म्हणजे खेळाचे आवाज टीव्हीतून आणि बोलणं कन्सोलवर ठेवलेल्या डब्यातून. खोलीत कुणीतरी तिसरं बसल्यासारखं. ‘अटॅक ऑफ द टाइमलॉर्ड’मधला स्पायरस हा खलनायक तुम्हाला धमक्या द्यायचा, ‘स्मिदरीन्स’मध्ये नेम चुकला की टोमणे. मात्र यातले बहुतेक खेळ डब्याशिवायही चालायचे. त्यामुळे डबा घ्यायलाच हवा असं काही नव्हतं.

टेक्ससचा टीआय-९९/४ए हा खरं तर घरगुती संगणक, पण तोही टीव्हीलाच जोडायचा आणि त्याच्या कडेलाही एक स्पीच सिंथेसायझर लावता यायचा. त्याला वरती एक झाकण आहे. नवनवे शब्द भरलेली छोटी कार्ट्रिजं तिथे घालायची होती. ती कधी आलीच नाहीत. झाकण मात्र उघडतं. हातात घेणारा प्रत्येक जण ते एकदा तरी उघडून आत बघतोच.

आता अडचण बघा. मॅटेलचे खेळ आवाजाशिवाय खेळण्यात अर्थ नव्हता, म्हणून खेळ विकत घेण्याआधी डबा घ्यावा लागे. आणि चार खेळांसाठी डबा कोण घेणार? डबा घेणारे थोडे, म्हणून नवे खेळ काढणं परवडेना. मॅग्नाव्हॉक्सचे खेळ आवाजाशिवाय चालत, मग डब्याची गरजच काय? दोन्हीकडून कोंडी. दुकानदारांच्या मागणीत ती स्पष्ट दिसली: ‘स्पेस स्पार्टन्स’ची सुरुवातीची मागणी सुमारे तीन लाख होती, ‘सोलर सेलर’पर्यंत ती नव्वद हजारांवर आली. मॅटेलकडे आवाजासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा होती, मुलांसाठीचा एक बोलता खेळ तयार होत होता, ‘स्पेस स्पार्टन्स’ फ्रेंच, जर्मन आणि इटालियनमध्ये बोलायला शिकला होता. १९८३ च्या उन्हाळ्यात हे सगळं गुंडाळलं. अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजारच त्या वर्षी कोसळला आणि १९८४ च्या जानेवारीत मॅटेलने आपला इलेक्ट्रॉनिक्स विभाग बंद केला.

बाजार कोसळला नसता तरी डबे फार टिकले असते असं वाटत नाही. १९८२ मध्येच ‘सॅम’ नावाची प्रणाली आली होती. ती घरगुती संगणकांना नुसत्या सॉफ्टवेअरच्या जोरावर बोलतं करायची. अटारी २६०० सारख्या अशक्त कन्सोलवरही १९८३ च्या ‘क्वाड्रन’मध्ये एक शब्द उच्चारून दाखवला गेला, तोही खेळाचं स्वतःचं नाव. तेवढं म्हणताना पडदा रिकामा व्हायचा, कारण प्रोसेसरला बोलणं आणि चित्र काढणं एकदम जमत नसे. पुढच्याच वर्षी कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरच्या ‘इम्पॉसिबल मिशन’ने सुरुवातीलाच पाहुण्याला ‘कायमचे राहा’ म्हणून बजावलं. जादा काही जोडायची गरज नाही. मेमरी स्वस्त होत गेली तसं सरळ माणसाचं ध्वनिमुद्रण भरणं सोपं झालं आणि खोट्या घशाची गरज संपली.

एसपी०२५६ मात्र मेली नाही. तिची एएल२ ही आवृत्ती अमेरिकेत सुट्या भागांच्या दुकानात मिळायची. तिच्या पोटात शब्द नव्हते, इंग्रजीचे ५९ सुटे ध्वनी आणि पाच विराम होते. ते जोडत जायचं आणि हवं ते बोलवून घ्यायचं. ब्रिटनमध्ये हीच चिप घालून ‘करा’ (Currah) नावाच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी ‘मायक्रोस्पीच’ काढला. स्पेक्ट्रम पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्समार्फत भारतातही आला. इंटेलिव्हॉइससारखे डबे आपल्या घरांत कधी आलेच नाहीत. आपली टीव्ही-गेमची पिढी नव्वदची, आणि तोवर ही सगळी फॅशन जुनी झाली होती.

आज हे ऐकायला ओळखीच्या भंगारवाल्याची गरज नाही. जो झ्बिचियाक या अभियंत्याने चिपचं वागणं बारकाईने समजून घेऊन ते एमुलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उतरवलं. इंटीबेसिक या नव्या भाषेत तर इंटेलिव्हॉइसला बोलायला लावण्याच्या आज्ञाही आहेत, आणि हौशी मंडळी त्या वापरतात. मीही त्या इंग्रजी ध्वनींची माळ ओवून एका रात्री मराठी बोलवून घ्यायचा खटाटोप केला. ‘आई’ झकास येतं. ‘बाबा’ही. ‘ताई’ म्हणायला गेलो तर ‘टाई’, कारण इंग्रजीला दातांजवळचा ‘त’ ठाऊक नाही. ‘ण’ नाही, ‘ळ’ तर नाहीच. ‘बाळ’साठी मी ‘ल’ आणि ‘र’ यांची हर तऱ्हेची मिश्रणं करून पाहिली. सर्वांत जवळचं निघालं ते ‘बार्ल’. पिंपातून, नाकात, अगदी ठामपणे.