पाच खोडांचं नांदरूक

माझ्या गच्चीवर नांदरुकाचं, म्हणजे वडाच्या कुळातल्या लहान पानांच्या झाडाचं, एक बोन्साय आहे, पाच खोडांचं. म्हणजे पाच होती, ते शेवटी सांगतो. बुडाशी सगळी खोडं इतकी एक झालीत की कुठली फांदी कुठल्या खोडाची हे आता मलाच सांगता येत नाही. सहा वर्षांपूर्वी ही पेन्सिलीएवढ्या जाडीची पाच वेगवेगळी कटिंग्ज होती आणि पंक्चरवाल्याकडून आणलेल्या सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढून मी ती आवळून बांधली होती. मागच्या हिवाळ्यात ओळखीतले एक काका आले होते, त्यांच्याकडे जुनिपर वगैरे भारी भारी झाडं आहेत, त्यांनी चहा संपेपर्यंत त्याच्याकडं बघितलं आणि कप खाली ठेवून म्हणाले, "झाड कुठलं ओ हे, उसाची मोळी हाय ही."

तेव्हापासून ही मोळी आली कुठून ते जरा सविस्तर लिहायचं डोक्यात होतं.

बोन्साय म्हटलं की आपण थेट जपान म्हणतो, पण उथळ भांड्यात निसर्गाचा तुकडा बसवायची आवड मूळ चीनची. तांग घराण्यातल्या ली शिआन नावाच्या राजपुत्राच्या थडग्यात इ. स. ७०६ च्या सुमाराची भित्तिचित्रं आहेत, त्यात सेवक हातात तबक घेऊन उभे आहेत आणि तबकात छोटे दगड आणि छोटी झाडं. चिनी लोक याला पेनजिंग म्हणतात. तिथून ते जपानला गेलं, १३०९ च्या एका जपानी चित्रगुंडाळीत कुंडीतली बुटकी झाडं स्पष्ट दिसतात. पुढची काही शतकं जपान्यांनी त्याला शिस्त लावली, म्हणजे खोड कसं निमुळतं हवं, पहिली फांदी कुठून निघावी, मुळं जमिनीवर कशी पसरलेली दिसावीत, सगळं ठरवून टाकलं. पण हे नियम कुठल्या झाडांवरून ठरले? पाइन, जुनिपर, मेपल. थंडीत गारठणारी, सावकाश वाढणारी, डोंगरावर वाऱ्याने वाकलेली झाडं. आपल्या इकडं जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि मार्चपासून भट्टी, त्यात हे नियम जसेच्या तसे लावायला गेलं की काय होतं ते माझ्या दोन मेलेल्या जुनिपरांना विचारा.

आता काकांना सांगायची गोष्ट म्हणजे अनेक खोडांचं झाड जपानी शिस्तीतही पहिल्यापासून बसतं. जुळ्या खोडांना सोकान, तीन खोडांना सांकान, एकाच बुंध्यातून बरीच खोडं निघाली तर काबुदाची. आडवं पडलेलं खोड आणि त्याच्या फांद्याच उभ्या वाढून खोडं झालेली असतील तर इकादाबुकी, म्हणजे तराफा. वेगवेगळी झाडं एका ट्रेत लावून केलेलं जंगल हा आणखी वेगळा प्रकार, त्यात बुडं जोडलेली नसतात. जुळं सोडलं तर खोडांची संख्या विषम हवी, तीन, पाच, सात. चार तर टाळतातच, कारण जपानीत चारचा एक उच्चार 'शी' आणि मृत्यूचाही 'शी'. आपण आहेराच्या पाकिटात पन्नास न घालता एकावन्न घालतो, तेव्हा हसायला नको.

पण फायकस, म्हणजे वड-पिंपळ-नांदरुकाचं कुळ, या शिस्तीत उशिरा आणि मागच्या दाराने आला. जपानच्या बहुतेक भागातल्या थंडीत तो बाहेर तगत नाही. दक्षिणेला ओकिनावात मात्र आपलं हेच नांदरूक आहे, तिथं त्याला गाजुमारू म्हणतात आणि त्याच्यावर किजिमुना नावाचं लाल केसांचं एक खोडकर भूत राहतं अशी समजूत आहे. आपल्याकडं पिंपळावर मुंजा, तिकडं नांदरुकावर किजिमुना, या कुळातल्या झाडांना भाडेकरू मिळायला कधी अडचण येत नाही. फायकसला बोन्साय म्हणून खरी किंमत दिली ती तैवानने आणि दक्षिण चीनने. तैवान १८९५ ते १९४५ जपानच्या ताब्यात होतं, आणि झाड तर दारातलंच. ग्वांगडोंग भागात विसाव्या शतकात लिंगनान नावाची शैली पुढं आली, तिचा मुख्य मंत्र म्हणजे फांद्या वळवायला गुंडाळायची तार कमी आणि कात्री जास्त. फांदी मोकळी वाढू द्यायची, हवी तेवढी जाड झाली की कचकन छाटायची, मग नवीन फुटव्यातला बरोबर दिशेचा एक ठेवायचा, परत वाढवायचा, परत छाटायचा. गरम हवेतल्या झाडांना हेच सोयीचं. मी पहिल्या वर्षी जुलैत तार गुंडाळली आणि गणपतीच्या गडबडीत बघायचं राहून गेलं, तार सालीत रुतून बसली होती, त्याचे स्क्रूच्या आट्यासारखे वळ अजून एका फांदीवर आहेत.

नर्सरीत 'जिनसेंग' म्हणून बटाट्यासारख्या फुगलेल्या मुळांचं जे मिळतं तेही नांदरूकच. बियापासून वाढवून मुळं जाड करतात, मग ती मातीच्या वर काढतात आणि वर बारीक पानांच्या जातीचं कलम. मला स्वतःला ते कायम अंग सुजल्यासारखं वाटतं, पण खपतं भरपूर.

आता जोडकामाचा मुद्दा. वडाला पारंब्या असतात हे आपल्याला सांगायला नको, पण बाहेरच्यांना त्याचं कायम नवल. अलेक्झांडरच्या फौजेबरोबर आलेल्या लोकांनी ते पाहिलं आणि त्यांच्या सांगण्यावरून ग्रीसमधल्या थिओफ्रास्टस या वनस्पतींच्या अभ्यासकाने इसवी सनाच्या आधीच लिहून ठेवलं की भारतात एक झाड आहे, ते फांद्यांवरून मुळं खाली सोडतं. कोलकात्याजवळ हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधला मोठा वड बघा, १८६४ आणि १८६७ च्या वादळांत त्याला मार बसला, मग बुरशी लागली आणि शेवटी १९२५ मध्ये मधलं मूळ खोडच काढून टाकावं लागलं. झाड जिवंत आहे, तीन हजारांहून जास्त पारंब्यांवर उभं आहे, मुख्य खोडाशिवाय. गंमत म्हणजे त्याच १९२५ साली, टोकियोतल्या १९२३ च्या भूकंपानंतर तिथले बोन्सायवाले बाहेर पडून ओमियाला आपलं गाव वसवत होते. एकीकडं एका खोडाची शिस्त नव्या गावात मुक्कामाला गेली आणि इकडं आपल्या वडाने खोडच सोडून दिलं.

आणि जोडायचं म्हणाल तर फायकस ते स्वतःच करतो. दोन मुळं किंवा खोडं एकमेकांवर दाबून राहिली की सालीखालचा वाढणारा थर एकमेकांत मिसळतो आणि मधली रेघ पुसून जाते. १९९१ मध्ये पनामातल्या, दुसऱ्या झाडाला वेढून वाढणाऱ्या फायकसांची जनुकं तपासली तेव्हा एक वाटणारी बरीच झाडं प्रत्यक्षात एकाहून जास्त वेगळ्या झाडांची मिळून झालेली निघाली. पक्षी एकाच बेचक्यात अनेक बिया टाकतात, सगळ्यांची मुळं खाली उतरतात आणि एकमेकांत विरघळतात. म्हणजे माझ्या ट्यूबच्या पट्टीने जे केलं ते जंगलात पक्षी कधीपासून करतायत. काकांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पक्ष्याकडनं शिकलास व्हय."

वड सोडून नांदरूक का, असंही विचारतात. वडाचं पान तळहाताएवढं, छोट्या ट्रेत ते केवढंच्या केवढं दिसतं. नांदरुकाचं पान मुळात लहान आणि छाटत गेलं की आणखी लहान येतं. तरी वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कोल्हापुरात कपिलतीर्थाजवळ न खपलेल्या वडाच्या फांद्या पडलेल्या दिसतात तेव्हा एखादी जाड बघून उचलायचा मोह होतो, एक उचललीही होती, जगली, पण आईने ती ट्रेत लावू दिली नाही, वडाला बुटकं करू नये म्हणून. आता ती मोठ्या ड्रममध्ये आहे आणि दरवर्षी आई तिथंच सूत गुंडाळते.

सामान मात्र आपल्या गावात चांगलं मिळतं. तांब्याची तार उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडं, जुनी, किलोवर. ती चुलीत लाल करून गार केली की मऊ होते. माती म्हणून विटांचा चुरा चाळून, थोडा जांभ्याचा खडा, थोडं शेणखत. ट्रेसाठी कुंभार गल्लीत गेलो तर मामा गणपतीच्या कामात होते, त्यांनी चित्र उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "चार बोटं उंची आणि बुडाला एवढी भोकं, पाणी ऱ्हाणार कसं ओ?" मी म्हटलं राहायलाच नको. त्यांनी करून दिला, पण भोकं माझ्या सांगण्यापेक्षा दोन कमीच पाडली.

आणि तेच नडलं. यंदाच्या जुलैत सलग पंधरा दिवस ऊन नव्हतं, ट्रेत पाणी साचलं आणि मागचं एक खोड बुडापासून मऊ झालं. नखाने खरवडलं तर साल ओली तपकिरी, चीक नाही. करवतीने कापलं, जखमेवर हळद दाबली, ड्रिलने राहिलेली भोकं पाडली. आता चार खोडं आहेत, नेमकी चार. पण पावसातच मधल्या फांदीवरून दोऱ्याएवढी एक पारंबी सुटलीय, तिला मातीपर्यंत न्यायला रसवंतीतून कागदी स्ट्रॉ आणली, ती आठवड्यात लगदा झाली. मग सलाइनची जुनी नळी उभी चिरून, आत ओलं शेवाळ भरून बसवली. काल सकाळी नळीच्या खालच्या तोंडाशी पांढरं टोक दिसलं, मातीपासून अजून दोन बोटं वर आहे.